वाचकांचे प्रश्न: जुन्या अमेरिकन भुतांची चौकशी

मागच्या अंकात पावसाळ्यात वाचायच्या भयकथांची यादी दिली होती, त्यात चारपाच जुन्या अमेरिकन गोष्टी होत्या, आणि झालं काय की बाकीची यादी राहिली बाजूला, पत्रं आणि मेल सगळे ह्यांच्याबद्दलच आले. काही चिडलेले, काही घाबरलेले, एक तर सरळ घरातलं भांडण सोडवा म्हणून. सगळी छापता येत नाहीत, निवडक घेतेय, थोडी कापलीयेत आणि नावांऐवजी फक्त गावं दिलीयेत. स्पॉइलर भरपूर आहेत हे आधीच सांगते, ज्यांना गोष्ट कोरी वाचायचीय त्यांनी ते ते उत्तर सोडून पुढे जा.

सांगली

प्रश्न: ताई, मी धारप आणि मतकरी वाचत मोठा झालोय, भयकथा कशाला म्हणतात हे मला शिकवायची गरज नाही. तुमच्या सांगण्यावरून एडगर अॅलन पोची ती अशर घराण्याची गोष्ट वाचली. पानंच्या पानं नुसतं वातावरण आणि शेवटी घर पडलं. भूत कुठंय? फसवलंत तुम्ही.

उत्तर: भूत नाहीच आहे त्यात, तेवढं तुमचं बरोबर. पण फसवलं नाही हो. तुमची अपेक्षा अशी की बाहेरून काहीतरी अमानवी येणार आणि चांगल्या चालत्या घरात शिरणार. ह्या गोष्टीत बाहेरून येतो तो फक्त गोष्ट सांगणारा मित्र, वाईट जे काही आहे ते आधीपासून घरात बसलेलंच आहे. आता एक करा, मधला तळघराचा भाग परत वाचा. रॉडरिक अशरची जुळी बहीण मॅडलिन वारली असं तो जाहीर करतो. तिला असा आजार होता की ज्यात माणूस मेल्यासारखा ताठ पडून राहतो, हे आपल्याला आधीच सांगून ठेवलंय. तरी हे दोघं तिला पेटीत घालून घराखालच्या तळघरात नेतात, तिथे पेटी उघडून शेवटचं बघतात, आणि हा मित्र स्वतः आपल्याला सांगतो की तिच्या चेहऱ्यावर लाली होती, ओठांवर हसू रेंगाळत होतं. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात झाकणाचे स्क्रू आवळून मोकळे होतात! मी पहिल्यांदा वाचताना हे वाक्य सरळ ओलांडून गेले होते, बहुतेक सगळेच जातात, कारण तो इतक्या सभ्यपणे सांगतो. मग शेवटी रॉडरिक कबूल करतो की तिची हालचाल त्याला कित्येक दिवसांपासून ऐकू येत होती, बोलायची हिंमत झाली नाही. म्हणजे खाली एक बाई जिवंत, आणि वर वादळी रात्री दोन शिकलेले पुरुष, एक दुसऱ्याला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतोय आणि खालून आवाज येतायत. ह्याच्यापुढे भूत म्हणजे काहीच नाही माझ्या मते.

सुरुवातीची पानं जड आहेत हे मान्य, विशेषणांचा तर पाऊसच. पण ते वातावरण उगीच नाही. १८४२ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न ह्या त्याच्याच काळातल्या लेखकाच्या कथांचं परीक्षण लिहिताना पोने त्याचं तत्त्वच मांडलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हायला हवी आणि पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्या एकाच परिणामासाठी राबला पाहिजे. अशरची गोष्ट त्याच्या आधीची, सप्टेंबर १८३९ ची, फिलाडेल्फियाच्या बर्टन्स जंटलमन्स मॅगझिनमधली, पण तंत्र तेच. घराच्या भिंतीवर छतापासून खाली तळ्यापर्यंत गेलेली बारीक भेग पहिल्या भेटीतच दाखवलीये बघा, ती तुम्ही वातावरण म्हणून सोडून दिलीत. त्या काळी लोक पोला म्हणायचे की तू जर्मन भयकथांची नक्कल करतोस, त्यावर १८४० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याचं उत्तर असं की माझी भीती जर्मनीतली नाही, आत्म्यातली आहे. थोडं नाटकी आहे, पण पो नाटकीच माणूस होता.

तुम्ही आता १८४३ ची ‘द टेल-टेल हार्ट’ घ्या. अगदी छोटी, वातावरण शून्य, पहिल्या ओळीपासून एक माणूस आपल्याला पटवतोय की तो वेडा नाही आणि त्याने म्हाताऱ्याचा खून किती हुशारीने केला. मोठ्याने वाचा, घरी कुणी नसताना.

ठाणे

प्रश्न: आमच्या घरात वाद आहे. मुलगी म्हणते स्लीपी हॉलोचा बिनडोक्याचा घोडेस्वार खरा आहे, लोकांची मुंडकी उडवतो, सिनेमात दाखवलंय. मी म्हणतो मूळ गोष्टीत तसं काही नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही. पण मुलीला एकदम चूक म्हणू नका, तिच्याही बाजूने गोष्टीत साक्षीदार आहेत. वॉशिंग्टन अर्व्हिंगची ही गोष्ट १८२० ची, आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीकाठच्या डच वस्तीची ही गोष्ट त्याने इंग्लंडमध्ये राहून लिहिली. मुंडकी वगैरे कुणाचीच उडत नाहीत. हीरो म्हणावा तर इकबॉड क्रेन नावाचा हडकुळा शाळामास्तर, प्रचंड खादाड, भुताच्या गोष्टींवर पूर्ण विश्वास, आणि डोळा कॅट्रिना व्हॅन टॅसल नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीवर. मुलीवर म्हणजे, तिच्या बापाच्या शेतावर जास्त. तो गोठ्याकडे बघतो तेव्हा त्याला डुकरं दिसतच नाहीत, तोंडात सफरचंद घातलेली भाजलेली डुकरं दिसतात, सगळी इस्टेट विकून पैसा करायचा आणि पश्चिमेकडे जमिनी घ्यायच्या हे बेतसुद्धा मनात तयार. दुसरा उमेदवार गावातला दांडगा ब्रॉम बोन्स.

घोडेस्वार म्हणजे हेसियन, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी जर्मनीतून भाड्याने आणलेले सैनिक असायचे त्यातला एक, तोफगोळ्याने ह्याचं डोकं गेलं अशी आख्यायिका. पार्टीहून परतताना मास्तरच्या मागे तो लागतो, पुलापाशी आपलं डोकं फेकून मारतो. दुसऱ्या दिवशी सापडते मास्तरची टोपी आणि शेजारी फुटलेला भोपळा. मास्तर गायब. ब्रॉमचं कॅट्रिनाशी लग्न, आणि नंतर कुणी भोपळ्याचा विषय काढला की ब्रॉम खो खो हसायचा. पुढे एक शेतकरी न्यूयॉर्कला जाऊन आला तर बातमी आणतो की मास्तर जिवंत आहे, वकील झालाय, राजकारणात पडलाय, छोट्या कोर्टाचा जजसुद्धा झालाय! पण गावातल्या म्हाताऱ्या बायका मात्र ठाम की त्याला घोडेस्वारानेच नेलं. आणि अर्व्हिंग चक्क लिहितो की असल्या बाबतीत म्हाताऱ्या बायकांनाच जास्त कळतं. तेव्हा मुलीला सांगा, तू म्हाताऱ्या बायकांच्या पार्टीत. शेजारचं नॉर्थ टॅरीटाउन नावाचं गाव होतं त्यांनी १९९६ साली अधिकृतपणे नाव बदलून स्लीपी हॉलो करून घेतलं, तिथल्या कब्रस्तानात अर्व्हिंगचीही कबर आहे.

न्यू जर्सी, अमेरिका

प्रश्न: नमस्कार, आम्ही ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन सेलमला गेलो होतो. प्रचंड गर्दी, चेटकिणीच्या टोप्या, फोटो, मजा आली खरं तर. तिथे हॉथॉर्नचा पुतळा बघितला आणि घराण्याचा काहीतरी डाग होता असं गाइड म्हणाला. काय भानगड आहे, आणि त्यांचं नेमकं काय वाचावं?

उत्तर: भानगड मोठी आहे. १६९२ साली सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं, त्यातले पाच पुरुष होते. जाळलं कुणालाच नाही, हा एक गैरसमज फार आहे. शिवाय जाइल्स कोरी नावाचा म्हातारा शेतकरी, त्याने गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही म्हणून अंगावर दगड रचत रचत मारला. त्या चौकशा घेणाऱ्या न्यायाधीशांत एक जॉन हेथॉर्न, तो नॅथॅनिएल हॉथॉर्नचा पणजोबाचा बाप. त्याच्या आधीचा पूर्वज विल्यम, त्याने क्वेकर पंथाच्या बाईला भर रस्त्यात फटके मारायची शिक्षा दिली होती. नॅथॅनिएलने तरुणपणी आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर घुसवलं, पूर्वजांपासून लांब पळायला असं म्हणतात, पण अक्षर घालून कोण पळू शकतंय.

वाचायचं तर १८३५ ची ‘यंग गुडमन ब्राउन’. नवीन लग्न झालेला तरुण, बायकोचं नाव फेथ, टोपीला गुलाबी रिबिनी. एका रात्री बायकोला घरी सोडून तो जंगलात कुणालातरी भेटायला जातो, आणि तो कुणीतरी म्हणजे सैतान, अगदी सभ्य म्हातारा. ब्राउन म्हणतो आमच्या घरातलं कुणी असल्या वाटेला गेलं नाही. तेव्हा सैतान हसून म्हणतो, अरे तुझ्या आजोबांना मी चांगला ओळखतो, क्वेकर बाईला सेलमच्या रस्त्यातून फटके मारले तेव्हा मदत मीच केली, आणि तुझ्या बापाने इंडियन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव जाळलं तेव्हा पेटतं लाकूड मीच आणून दिलं. हॉथॉर्नने स्वतःच्याच घराण्याचं बिंग सैतानाच्या तोंडून फोडलंय. पुढे जंगलात सैतानाची सभा भरते, तिथे गावातले सगळे धार्मिक लोक हजर, पाद्रीबुवासुद्धा. सकाळी ब्राउन परततो. स्वप्न होतं का खरं, लेखक म्हणतो तुम्हाला हवं तर स्वप्न म्हणा. पण ब्राउनचा त्यानंतर कुणावर म्हणून विश्वास राहत नाही, बायकोवरही नाही, मरेपर्यंत.

आता माझी एक तक्रार. त्या गोष्टीत चेटकिणी म्हणून जी नावं येतात, गुडी (म्हणजे बाई) क्लॉइस, गुडी कोरी, मार्था कॅरियर, ही १६९२ च्या खऱ्या आरोपी बायकांची नावं आहेत. मार्था कॅरियर आणि मार्था कोरी दोघी फाशी गेल्या, निर्दोष असताना. पूर्वजाच्या पापाबद्दल एवढी टोचणी लागलेला माणूस पूर्वजाने मारलेल्या बायकांनाच परत चेटकिणी करून उभं करतो! समीक्षक म्हणतात हे सगळं ब्राउनच्या नजरेतून आहे, त्याला दिसतं ते खरं नाही, आणि ते पटतंही. पण मला ते खटकतं ते खटकतंच. आणि पुढच्या वेळी गेलात तर शेजारच्या डॅनव्हर्सलाही जा, हे प्रकरण जिथे सुरू झालं ते सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स, तिथे टोप्यांची गर्दी कमी असते.

कोल्हापूर

प्रश्न: ताई, एम.ए.ला ‘द यलो वॉलपेपर’ होती तेव्हा नोट्स काढून पास झाले. आता मला सहा महिन्यांची मुलगी आहे आणि परवा ती गोष्ट परत वाचली तर झोप उडाली. ही भुताची गोष्ट आहे का आजाराची? सासूबाई म्हणतात असलं वाचूच नको.

उत्तर: अगं दोन्ही, आणि सासूबाईंचं ते वाक्य गोष्टीतल्या नवऱ्याला फार आवडलं असतं. गोष्टीची लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन, तिला १८८५ साली मुलगी झाली आणि त्यानंतर ती खूप खचली. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर वीअर मिचेल ह्यांच्याकडे गेली, त्यांचा ‘रेस्ट क्युअर’ प्रसिद्ध होता, म्हणजे पडून राहा, खा, आणि डोकं चालवू नका. घरी पाठवताना सल्ला दिला की जमेल तितकं घरगुती आयुष्य जग, दिवसातून फार तर दोन तास बौद्धिक काम, आणि पेन, ब्रश, पेन्सिलीला आयुष्यभर हात लावू नकोस. तिने तीनेक महिने ते पाळलं आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे वेड लागायच्या काठावर पोचली, मग सल्ला झुगारून कामाला लागली आणि सावरली. गोष्ट छापून आली जानेवारी १८९२ मध्ये, न्यू इंग्लंड मॅगझिनमध्ये. त्याआधी अटलांटिक मंथलीच्या संपादकाने परत पाठवली होती, कारण असं की ही वाचून मी जितका दुःखी झालो तितकं दुसऱ्यांना केलं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. म्हणजे तुझी झोप उडाली तशी त्याचीही उडाली होती.

आता भुताचं. भाड्याने घेतलेलं जुनं मोठं घर, स्वस्तात मिळालं म्हणून सुरुवातीलाच गोष्ट सांगणाऱ्या बाईला शंका, वरची खोली जी म्हणे पूर्वी मुलांची होती, पण खिडक्यांना गज, पलंग जमिनीला खिळलेला. ह्या सामानावर कुणीही भुताची गोष्ट उभी केली असती. ती वॉलपेपरच्या नक्षीमागे एक बाई बघते, गजांमागून हलणारी, मग अनेक बायका, रांगणाऱ्या. आणि नवरा जॉन हा डॉक्टर आहे आणि प्रेमळ आहे, हे विसरू नकोस, तो राक्षस असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो तिला उचलून जिना चढवतो, लाडाने हाका मारतो, आणि तिचं एकही म्हणणं ऐकत नाही. शेवटी तो दार उघडून चक्कर येऊन पडतो आणि ती भिंतीकडेने रांगत राहते, दर फेरीला त्याच्या अंगावरून. ह्या शेवटाला काही जण तिची सुटका म्हणतात, मला ते कधीच पटलं नाही, ती सुटलेली नाहीये. गिलमनने १९१३ साली लिहिलंय की तिने गोष्टीची प्रत त्या डॉक्टरना पाठवली, पोच आली नाही, पण बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यांनी उपचारपद्धत बदलली. हे तिचं ऐकीव आहे, तेवढंच धरून चाल. आणि गिलमनला डोक्यावर घेताना हेही लक्षात असू दे की वंशाबद्दलची तिची मतं वाचवत नाहीत.

एक वेगळं सांगते, गोष्टीच्या बाहेरचं. बाळंतपणानंतर रडू येणं, झोप न लागणं, काहीच नको वाटणं हे चालू असेल तर डॉक्टरांशी बोल, आता त्यावर खरे उपचार आहेत. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि वाच, भरपूर वाच, लिहिसुद्धा.

नागपूर

प्रश्न: तुमच्या यादीत सगळी भुतं मोठ्या घरातली, मालकांची. ती घरं ज्यांनी बांधली, ज्यांच्या जिवावर उभी राहिली, त्यांची भुतं कुठे गेली? का त्यांना मेल्यावरही एंट्री नाही?

उत्तर: ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. त्यांची भुतं आहेत, आणि ती ज्याने लिहिली तो चार्ल्स चेस्नट माझ्या यादीत हवाच होता. १८५८ चा जन्म, क्लीव्हलंडचा, वाढला नॉर्थ कॅरोलिनात. कृष्णवर्णीय लेखक, पण रंग इतका गोरा की गोरा म्हणून सहज खपला असता, आणि तसं करायला त्याने नकार दिला. १८८७ पासून अटलांटिकमध्ये त्याच्या गोष्टी येऊ लागल्या, लेखक कोण आहे हे वाचकांना बराच काळ माहीत नव्हतं. १८९९ ला ‘द कॉन्ज्युअर वूमन’ हा संग्रह आला.

त्यातली ‘पो’ सँडी’ वाचा (एडगर पोशी संबंध नाही, पो’ म्हणजे बिचारा). यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यानंतरचा काळ. ओहायोतून आलेला जॉन नावाचा गोरा माणूस बायकोच्या तब्येतीसाठी दक्षिणेत द्राक्षमळा घेतो. बायकोला, अॅनीला, अंगणात वेगळं स्वयंपाकघर हवंय, आणि जॉनच्या डोक्यात येतं की जमिनीवरच्या जुन्या मोडक्या शाळेची लाकडं त्याला वापरू. तेव्हा गाडी हाकणारा म्हातारा जुलियस, पूर्वीचा गुलाम, त्या लाकडांची गोष्ट सांगतो. सँडी नावाचा गुलाम इतका कामाचा होता की मालकाच्या सगळ्या मुलांना तो हवा, म्हणून मालक त्याला महिना महिना पाळीपाळीने उसना द्यायचा. एकदा असाच बाहेर असताना मालकाने त्याची बायको दुसऱ्या बाईच्या बदल्यात देऊन टाकली, वर काही पैसे घेतले. तिच्या जागी आलेल्या टेनीशी सँडीचं जमलं. पण परत परत उसनं जायला सँडी वैतागला, म्हणाला झाड किंवा दगड असतो तर एका जागी राहिलो असतो. टेनीला मंतर यायचा, तिने त्याचं पाइनचं झाड केलं. रात्री माणूस, दिवसा झाड. सुतारपक्ष्याने टोचलं तर सँडीच्या अंगावर जखम, टर्पेंटाइनसाठी कुणी साल काढली तर पायाची कातडी सोललेली. आणि एक दिवस टेनीला मालकाच्या नातेवाइकाची शुश्रूषा करायला लांब पाठवतात, तेवढ्यात मालकाला नवं स्वयंपाकघर बांधायचं असतं आणि माणसं नेमकं तेच झाड तोडून करवतीच्या गिरणीत घालतात. टेनी धावत येते, ओंडक्यावर झोकून देते, तिला वेडी ठरवून बांधून ठेवतात आणि तिच्यासमोर फळ्या पाडतात. त्या स्वयंपाकघरात मग रात्री कण्हण्याचे आवाज, कुणी पाऊल टाकेना, म्हणून ते मोडून त्याच लाकडांची शाळा बांधली, आणि एका सकाळी टेनी त्या शाळेत मेलेली सापडली.

आता इथून खरी हुशारी. अॅनी ऐकून सुन्न, म्हणते कसली ती व्यवस्था जिच्यात असं घडू शकत होतं. जॉन मनात हसतो, बायको असल्या भाकडकथेवर विश्वास ठेवते म्हणून. अॅनी म्हणते मला नवी लाकडं हवीत. आणि काही दिवसांनी कळतं की जुलियसच्या चर्चमध्ये फूट पडलीये, त्याच्या गटाला प्रार्थनेला जागा हवी होती, आणि ती जुनी शाळा त्यांना मिळाली. भुताचं काय, असं विचारल्यावर उत्तर येतं की भुतं प्रार्थनेच्या वेळी त्रास देत नाहीत, आणि चुकून सँडी आलाच तर प्रवचनाने त्याचं भलंच होईल! म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही, कोर्ट नाही, त्याच्याकडे एक गोष्ट आहे आणि ती वापरून तो इमारत मिळवतो. जुलियस लबाड आहे का? आहे की. पण सँडीचं जे झालं ते त्यामुळे खोटं ठरतं का, हे चेस्नट जॉनला कळू देत नाही, आपल्याला देतो. इंग्रजी थोडं झगडायला लावेल, जुलियसचं बोलणं उच्चारानुसार लिहिलंय, तोंडाने पुटपुटत वाचलं की सुटतं.

पुणे

प्रश्न: आमच्या बुक क्लबमध्ये ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वरून दोन तट पडलेत, भुतं खरी का गव्हर्नेस भ्रमिष्ट. निकाल द्या.

उत्तर: नाही देत. गोष्ट १८९८ ची, मोठ्या घरात दोन मुलांना शिकवायला-सांभाळायला ठेवलेल्या बाईची, म्हणजे गव्हर्नेसची, आणि हे भांडण अजून चालू आहे. हेन्री जेम्स जन्माने न्यूयॉर्कचा पण गोष्ट इंग्लंडमधली, आणि समीक्षक एडमंड विल्सनने १९३४ साली गव्हर्नेसच्या मनाचेच खेळ म्हणून लेख लिहिला तेव्हापासून तर जास्तच. भुतांच्या पार्टीने घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसचा मुद्दा लावून धरा, गव्हर्नेसने कधीही न पाहिलेल्या माणसाचं वर्णन केलं आणि मिसेस ग्रोसने तो मेलेला पीटर क्विंट म्हणून ओळखला, हे कसं? दुसऱ्या पार्टीने हे धरा की भुतं दिसतात हे गव्हर्नेसशिवाय एकानेही स्वच्छ कबूल केलेलं नाही. आणि दोन्ही पार्ट्यांनी मुलाकडे, माइल्सकडे, बघा जरा. भुतं असोत नसोत, शेवटी तो तिच्या मिठीत मरतो. ह्याच्यावर तुमच्या क्लबमध्ये कुणी बोललं का?

रत्नागिरी

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, वय ७४. रक्त, खून, किंचाळ्या झेपत नाहीत, पण भुताची गोष्ट आवडते. काही सौम्य सुचवाल?

उत्तर: बाई, तुमच्यासाठी दोन लेखिका. मेरी विल्किन्स फ्रीमन, न्यू इंग्लंडच्या म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या खेड्यातल्या. १९०३ च्या ‘द विंड इन द रोझ-बुश’ संग्रहात ‘द लॉस्ट घोस्ट’ आहे, त्यातलं भूत म्हणजे एक लहान मुलगी, थंडीने काकडलेली, घरातल्या बायकांच्या वस्तू आणून देते आणि एकच वाक्य म्हणते, मला माझी आई सापडत नाहीये. रक्त नाही, रडू मात्र येईल. गोष्ट शिवणकाम करत बसलेल्या दोन बायकांच्या गप्पांत सांगितलीये, तुम्हाला आवडेल.

दुसरी ईडिथ व्हॉर्टन, १९१० ची ‘आफ्टरवर्ड’. खाणीच्या व्यवहारात पैसा मिळवलेलं अमेरिकन जोडपं इंग्लंडात जुनं घर घेतं, हौसेने विचारतात भूत आहे ना? उत्तर मिळतं, आहे, पण ते भूत होतं हे तुम्हाला फार नंतर कळेल. पुढचं सांगत नाही, फक्त तो खाणीचा व्यवहार नीट वाचा, बायकोने नवऱ्याला पैसा कुठून आला हे कधीच विचारलं नव्हतं. आणि ह्या व्हॉर्टनबाई स्वतः सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत इतक्या भित्र्या की भुताच्या गोष्टीचं पुस्तक खोलीत असेल तर झोपायच्या नाहीत, कित्येकदा पुस्तक जाळून टाकायच्या.

अलिबाग

प्रश्न: माकडाच्या पंजाची गोष्ट यादीत का नाही? आणि ह्या लेखकांपैकी कुणाचा भारताशी संबंध?

उत्तर: पंजा इंग्लिश आहे, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स लंडनचे, १९०२. भारताशी संबंध एफ. मॅरियन क्रॉफर्डचा, अमेरिकन लेखक, जन्म इटलीतला, १८७९-८० च्या सुमारास अलाहाबादला इंडियन हेरल्ड नावाचं वर्तमानपत्र संपादित करायचा. त्याची ‘द अप्पर बर्थ’ वाचा, जहाजाची १०५ नंबरची केबिन आणि रात्री आपोआप उघडणारी गोल खिडकी. बोटीने अलिबागला जात असाल तर परत आल्यावर वाचा.

बेळगाव

प्रश्न: ह्यातली एखादी गोष्ट मराठीत करून दिवाळी अंकाला द्यायची आहे. परवानगी लागते का?

उत्तर: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. पो, हॉथॉर्न, अर्व्हिंग, गिलमन, चेस्नट, फ्रीमन, जेम्स, क्रॉफर्ड सगळे मोकळे. व्हॉर्टन १९३७ ला गेल्या, त्याही मोकळ्या. विल्यम फॉकनर १९६२ ला गेला म्हणजे २०२२ संपल्यापासून त्याची ‘अ रोझ फॉर एमिली’ आपल्याकडे मोकळी, आणि भयकथा लिहिणाऱ्या शर्ली जॅक्सन १९६५ ला गेल्या, त्यांचा हिशोब २०२५ संपेपर्यंत. अमेरिकेतला कायदा वेगळा आहे, तिकडच्या साइटवर किंवा तिकडच्या अंकात छापणार असाल तर नव्याने चौकशी करा. जुन्या गोष्टींचा मूळ मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या साइटवर फुकट मिळतो, पण कुणी अलीकडे केलेल्या हिंदी-मराठी अनुवादावरून अनुवाद करू नका, त्या अनुवादाचा हक्क त्या माणसाचा असतो. आणि संपादकांना मूळ गोष्टीचं नाव, लेखक आणि साल ठळक छापायला लावा. ‘परकीय कथेवर आधारित’ एवढं बारीक टायपात टाकून मोकळं व्हायची सवय आपल्या अंकांना फार आहे आणि मला ती अजिबात आवडत नाही.